संपत्ती कर पुन्हा आणला, तर विषमता कमी होईल का?

प्रश्न : नांदुरकी

नमस्कार. मी बँकेत नोकरी करते. अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, पण आर्थिक विषमतेविषयी जे वाचायला मिळेल ते गेली काही वर्षे आवर्जून वाचत आले आहे. वाचता वाचता एका ठिकाणी विचार अडला आहे आणि तो येथील जाणकारांपुढे मांडावासा वाटतो.

पॅरिसमधील वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा सुमारे ७६ टक्के वाटा आहे, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून केवळ २ टक्के आहे. भारतापुरता हिशेब नितीन कुमार भारती, लुका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमांची या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडला. त्यांच्या मते २०२२-२३ मध्ये आपल्याकडील वरच्या १ टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा २२.६ टक्के आणि संपत्तीतील वाटा ४०.१ टक्के होता. उत्पन्नातील हाच वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांच्या आसपास होता. एका पिढीत हे अंतर इतके वाढले, हे वाचून मी खरोखर अस्वस्थ झाले.

उपाय म्हणून सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती अतिश्रीमंतांवरील किमान कराची. ब्राझीलकडे जी-२० गटाचे अध्यक्षपद असताना गॅब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये असा प्रस्ताव मांडला की, १०० कोटी डॉलरपेक्षा अधिक संपत्ती असलेल्या जगभरातील सुमारे ३,००० व्यक्तींनी दरवर्षी आपल्या संपत्तीच्या किमान २ टक्के इतका कर भरावा. त्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर उभे राहतील, असा त्यांचा अंदाज आहे.

माझी अडचण अशी की, आपल्या देशात यापैकी जवळजवळ सगळे करून झालेले आहे. आपल्याकडे १९५३ पासून इस्टेट ड्युटी (मृत व्यक्तीच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरील कर) होती, १९५७ पासून संपत्ती कर होता आणि १९५८ पासून दान कर होता. पहिली १९८५ मध्ये गेली, दान कर १९९८ मध्ये गेला आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. प्रत्येक वेळी कारण सांगितले गेले ते हेच की, वसुली नगण्य आहे आणि कटकट मोठी आहे. मग जो उपाय येथे फसला, तो आता जागतिक पातळीवर कसा यशस्वी होईल? आणि पैसा जमा झालाच, तर तो खालच्या निम्म्या लोकांपर्यंत पोहोचेल याची हमी कोणती?

आणखी एक शंका. जागतिक बँकेने भारताचा जिनी निर्देशांक (विषमतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी समानता अधिक) २०२२-२३ साठी २५.५ इतका कमी दाखवला आहे आणि त्यावरून भारत जगातील सर्वांत समान देशांपैकी एक असल्याचे सांगितले जाते. वरच्या आकड्यांशी हे कसे जुळते?

उत्तर १ : मध्यगा

नांदुरकी ताई, आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण मी संख्याशास्त्र शिकवतो आणि हा घोटाळा वर्गात दरवर्षी होतो.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. २५.५ हा उपभोगाच्या खर्चाचा निर्देशांक आहे. सर्वेक्षक घरी येऊन धान्य, कपडे, औषधे, प्रवास यांवर किती खर्च झाला हे विचारतो आणि त्या खर्चातील तफावत मोजली जाते. समजा, एका घराचे मासिक उत्पन्न ५० हजार रुपये आहे आणि त्यातले ४५ हजार खर्च होतात. दुसऱ्या घराचे उत्पन्न ५० लाख आहे आणि खर्च ५ लाख आहे. उत्पन्नात शंभर पटींचा फरक असला, तरी खर्चात तो अकरा पटींचाच दिसतो. उरलेले ४५ लाख रुपये शेअर, जमीन आणि रोख्यांमध्ये जातात व त्यातूनच पुढच्या वर्षीची विषमता तयार होते; खर्चाच्या सर्वेक्षणात मात्र त्यांचा मागमूस लागत नाही. शिवाय अतिश्रीमंतांच्या इमारतींत सर्वेक्षकाला सहसा प्रवेशच मिळत नाही. ज्या देशांचे जिनी निर्देशांक उत्पन्नावर काढलेले आहेत, त्यांच्या रांगेत आपला उपभोगावरचा आकडा बसवून क्रमांक लावणे शास्त्राला धरून नाही.

तरीही त्या आकड्याला खोटे म्हणू नये. खालच्या थरातील कुटुंबांचा उपभोग सुधारला आहे, आणि सुमारे ८० कोटी लोकांना मिळणाऱ्या मोफत धान्याचा त्यात वाटा आहे, ही चांगली गोष्ट आहे. पोटाला मिळू लागणे आणि मालमत्तेत वाटा मिळणे या दोन गोष्टींतील पहिली काही प्रमाणात साधली आहे, दुसरी साधलेली नाही, इतकाच अर्थ या दोन आकड्यांतून मी काढतो.

आता जागतिक चित्राविषयी. ‘जगातील विषमता वाढली’ असे सरसकट म्हणताना आपण दोन वेगळ्या प्रवाहांची गल्लत करतो. देशादेशांमधील अंतर १९८० नंतर आधी चीनच्या आणि मग भारताच्या वाढीमुळे कमी झाले. देशांच्या अंतर्गत असलेले अंतर मात्र जवळजवळ सर्वत्र वाढले. आपण उल्लेख केलेल्या २०२२ च्या अहवालानुसार जागतिक विषमतेचा सुमारे दोन तृतीयांश भाग आज देशांच्या अंतर्गत विषमतेतून येतो. ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्टोफ लाकनर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ ते २००८ या काळाचा जो आलेख मांडला, त्यात आशियातील मधला वर्ग आणि जगातील वरचा १ टक्का यांचे उत्पन्न झपाट्याने वाढलेले दिसते, तर श्रीमंत देशांमधील कामगारवर्ग जवळपास जागेवरच राहिलेला दिसतो. अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील कारखान्यांच्या गावांत जो राजकीय असंतोष उसळला, त्याची मुळे या आलेखात सापडतात.

यातून आपल्या प्रश्नाला उपयोगी पडेल असा निष्कर्ष निघतो. देशांतर्गत विषमता ही बहुतांशी त्या त्या देशाच्या कायद्यांतून वाढलेली असल्यामुळे ती कायद्यांनी कमीही करता येते. अमेरिकेत १९५० च्या दशकात उत्पन्नावरील सर्वोच्च दर ९१ टक्के होता आणि १९८८ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला. हा बदल संसदेत मतदानाने झालेला आहे, आपोआप घडलेला नाही.

देशादेशांमधील अंतराचे दुखणे मात्र निराळे आहे आणि ते मिटलेले नाही. आज ३०० कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात, जेथील सरकारे शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतात त्यापेक्षा अधिक रक्कम कर्जाच्या व्याजापोटी देतात. अशा देशांसाठी कर्जाची फेररचना आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील करांचे न्याय्य नियम हे पहिले प्रश्न आहेत. २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावण्याचे मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले. संयुक्त राष्ट्रांमध्ये कर सहकार्याचा स्वतंत्र करार करावा यासाठी आफ्रिकेतील देशांनी जो आग्रह धरला आहे, त्यामागची निकड यावरून लक्षात यावी.

उत्तर २ : जुनीवही

मी सनदी लेखापाल आहे आणि संपत्ती कर अस्तित्वात असताना त्याची विवरणपत्रे भरून देण्याचे काम मी केलेले आहे. त्यामुळे ‘उपाय फसला’ या आपल्या विधानावर थोडे सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते. माझे मत असे आहे की, संपत्ती कर फसला नाही; त्याला आधी पोकळ केले गेले आणि मग तो पोकळ आहे म्हणून रद्द केला गेला.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये हा कर आला, तेव्हा त्यामागे एक सुसंगत कल्पना होती. उत्पन्न, संपत्ती, दान आणि खर्च या चारही बाजूंनी माहिती गोळा झाली, की एका ठिकाणी लपवलेले दुसऱ्या ठिकाणी उघडे पडेल. प्रत्यक्षात प्रत्येक करात सवलतींची भर पडत गेली आणि त्याच वेळी दर अव्वाच्या सव्वा वाढवले गेले. १९७३-७४ मध्ये उत्पन्नावरील सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. कागदावर इतका चढा दर आणि खाली पळवाटांचे जाळे अशी रचना असली, की प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि बाकीचे सल्लागार नेमतात. इस्टेट ड्युटीचेही तेच झाले. तिचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि १९८५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती रद्द केली तेव्हा वर्षाची वसुली सुमारे २० कोटी रुपये होती. हिंदू अविभक्त कुटुंब, विश्वस्त निधी आणि हयातीतच केलेली वाटणी यांमुळे मोठ्या मालमत्ता तिच्या कक्षेत येतच नव्हत्या.

सर्वांत महत्त्वाचा बदल १९९३ मध्ये झाला आणि त्याची चर्चा फारच कमी होते. करसुधारणांसाठी नेमलेल्या चेलय्या समितीच्या शिफारशीनंतर संपत्ती कर केवळ ‘अनुत्पादक’ मालमत्तेपुरता ठेवण्यात आला. दुसरे घर, शहरातील मोकळी जमीन, सोने-दागिने, मोटारी, नौका, विमान आणि ५० हजारांवरील रोकड यांवर १ टक्का कर होता. शेअर, रोखे आणि बँकेतील ठेवी पूर्ण मोकळ्या होत्या. करपात्र मर्यादा आधी १५ लाख होती, ती पुढे ३० लाख झाली. याचा परिणाम आमच्यासारख्यांच्या टेबलावर रोज दिसत असे. पतीच्या माघारी एक जादा सदनिका आणि अंगावरचे दागिने एवढेच असलेल्या बाईला विवरणपत्र भरावे लागे, आणि ज्याची शेकडो कोटींची मालमत्ता स्वतःच्या कंपनीच्या शेअरमध्ये होती त्या प्रवर्तकाला (कंपनी उभी करणाऱ्या मुख्य मालकाला) त्या शेअरवर एक रुपयाही द्यावा लागत नसे. १९९३ नंतरच्या काळात या देशातील खासगी संपत्ती कोठे वाढली, तर मुख्यतः शेअरमध्ये आणि जमिनीत. वाढीचा पहिला स्रोत कायद्यानेच बाहेर ठेवल्यावर २०१३-१४ मध्ये देशभरातून १,००८ कोटी रुपयेच जमले, यात नवल नाही. २०१५ मध्ये हा कर रद्द करताना त्याऐवजी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी वर्षाला १ कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून ९,००० कोटी मिळतील असे सांगितले. महसुलाच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा नव्हता. परंतु अधिभार बसतो तो दाखवलेल्या उत्पन्नावर, आणि अतिश्रीमंतांची खरी मिळकत उत्पन्न म्हणून दाखवलीच जात नाही.

शेवटचे वाक्य उलगडून सांगतो, कारण झुकमन यांच्या प्रस्तावाचा गाभा तेथेच आहे. पगारदाराचे उत्पन्न दर महिन्याला हातात येते आणि येण्याआधीच कर कापला जातो. प्रवर्तकाच्या शेअरची किंमत वर्षात हजार कोटींनी वाढली, तरी तो जोवर शेअर विकत नाही तोवर ते उत्पन्न धरले जात नाही. लाभांश किती काढायचा हे तोच ठरवतो. खर्चाला पैसे हवे असतील, तर शेअर तारण ठेवून कर्ज मिळते. विकलेच, तर नोंदणीकृत शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे, तर पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के आणि वर अधिभार. झुकमन यांच्या अहवालानुसार जगातील अब्जाधीश आपल्या संपत्तीच्या जेमतेम ०.३ टक्के इतकाच कर भरतात. एवढी विषम वागणूक कायदाच देत असेल, तर संपत्ती वरच्या वर साचत जाणारच.

आज परिस्थिती कोणत्या बाबतीत बदलली आहे? काल्डोर यांना हवी होती ती माहिती आता सरकारजवळ आहे. शेअर डीमॅट स्वरूपात आहेत, ते पॅनशी जोडलेले आहेत, रोजचा भाव जाहीर असतो आणि वार्षिक माहिती विवरणात प्रत्येकाचे मोठे व्यवहार आपोआप उमटतात. परदेशांतील खात्यांची माहिती शंभरहून अधिक देश एकमेकांना देतात. स्वित्झर्लंड भारताला २०१९ पासून देत आहे. बिगरनोंदणीकृत कंपन्यांचे मूल्यांकन आणि विश्वस्त निधींची रचना हे खरे कठीण भाग आजही आहेत, आणि त्यावर बारकाईने कायदा लिहावा लागेल.

मर्यादा कोठे ठेवायची, हाही प्रश्न सोडवता येण्याजोगा आहे. आपण ज्या अभ्यासकांचा उल्लेख केला, त्यांनीच मे २०२४ मध्ये सुचवले की १० कोटी रुपयांवरील निव्वळ संपत्तीवर वर्षाला २ टक्के आणि १० कोटींवरील वारशावर ३३ टक्के कर लावावा. त्यांच्या हिशेबाने ९९.९६ टक्के प्रौढांना त्याची झळ लागणार नाही आणि सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.७३ टक्के इतका महसूल मिळेल. ३३ टक्के हा दर मला व्यक्तिशः चढा वाटतो, कारण आपला इतिहास सांगतो की चढा दर पळवाटांना आमंत्रण देतो. मी कमी दर, मोठी मर्यादा आणि शून्य सवलती यांच्या बाजूचा आहे.

उत्तर ३ : फ्योर्डकाठ

मी बरीच वर्षे नॉर्वेत राहते. जेथे संपत्ती कर अजून चालू आहे अशा मोजक्या देशांपैकी हा एक असल्याने थोडी माहिती देते.

येथे हा कर फक्त अब्जाधीशांवर नाही. २०२४ मध्ये मर्यादा १७ लाख क्रोनर निव्वळ संपत्तीची होती, दर १ टक्का आणि वरच्या टप्प्यावर १.१ टक्का. वसुलीचा एक भाग स्थानिक नगरपालिकेला मिळतो. २०२२ मध्ये दर वाढवल्यावर काही मोठे उद्योजक स्वित्झर्लंडला गेले आणि त्याची फार चर्चा झाली. त्यानंतर सरकारने देश सोडून जाणाऱ्यांवरील कराचे नियम कडक केले. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत हा कर हाच प्रचाराचा मोठा मुद्दा होता आणि तो टिकवू म्हणणारे मजूर पक्षाचे सरकार पुन्हा आले.

जुनीवही यांचे सवलतींविषयीचे म्हणणे येथील अनुभवालाही लागू पडते. राहत्या घराचे मूल्य करासाठी बाजारभावाच्या चौथ्या हिश्शाइतकेच धरले जाते (अतिशय महागड्या घरांचा भाग सोडून), तर शेअरचे ८० टक्के. त्यामुळे माणसे पैसा घरात ओततात आणि तरुणांना घर घेणे अवघड होते. छोट्या कंपन्यांच्या मालकांची तक्रार अशी की, कर भरण्यासाठी कंपनीतून लाभांश काढावा लागतो. ही तक्रार मला अगदीच निराधार वाटत नाही.

परंतु नॉर्वे समान आहे तो या करामुळे, असे कोणी समजू नये. शेजारच्या स्वीडनने वारसा कर २००४ च्या अखेरीस आणि संपत्ती कर २००७ मध्ये रद्द केला. तेथे संपत्तीची विषमता बरीच मोठी आहे, तरी रोजच्या उत्पन्नातील अंतर युरोपात आजही कमीच गणले जाते. याचे कारण पगार ठरवण्याच्या पद्धतीत आहे. नॉर्वेत सर्वांना लागू असे वैधानिक किमान वेतन नाही. निर्यातक्षम उद्योगांतील कामगार संघटना आणि मालक संघटना आधी वाटाघाटी करतात आणि तो करार बाकी सर्व क्षेत्रांसाठी मापदंड ठरतो. सफाई कामगार आणि अभियंता यांच्या वेतनातील अंतर कर कापण्यापूर्वीच मर्यादित असते. निम्मे कामगार संघटनेचे सदस्य असल्याशिवाय हे शक्य होत नाही, आणि भारतात बहुसंख्य श्रमिक असंघटित आहेत हे लक्षात घेऊनच कोणतीही तुलना करायला हवी.

उत्तर ४ : पाझर

आपला दुसरा प्रश्न, म्हणजे जमा झालेला पैसा खालपर्यंत पोहोचेल याची हमी काय, याला महाराष्ट्राने एकदा उत्तर दिलेले आहे. मी लघुपाटबंधारे विभागात नोकरी केली आणि रोजगार हमीची कामे जवळून पाहिली, म्हणून लिहितो.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून ही कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात तिची निकड सर्वांना पटली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. त्याचा पैसा कोठून आला, हे मात्र विस्मरणात गेले आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला तो मुख्यतः यासाठी. मुंबई-पुण्यातील पगारदार, वकील, डॉक्टर आणि व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा, शहरांतील बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर बसवायचा, बागायती जमिनीवर आणि मोटारींवर अधिभार घ्यायचा आणि जितकी रक्कम जमा होईल तितकीच भर राज्य सरकारने घालून तो निधी खेड्यातील भूमिहीनाच्या मजुरीसाठी राखून ठेवायचा, अशी ती रचना होती. शहराने खेड्याला दिलेले हे दान नव्हते. करदात्याच्या देण्याला मजुराच्या कायदेशीर हक्काची जोड दिलेली होती, आणि माझ्या मते विषमतेवरील धोरणाचा इतका स्वच्छ नमुना जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली.

त्याचे परिणाम मी पाहिले आहेत. गावात कामाची हमी असली, की शेतमालकाला मजुरी पाडता येत नाही. पुरुषाला आणि बाईला कामाच्या मोजमापावर एकच दर असल्याने हजारो बायकांच्या हातात प्रथमच स्वतःच्या नावाची मजुरी आली. नांदुरकी यांनी सांगितलेल्या खालच्या निम्म्या लोकसंख्येसाठी सौदा करण्याची ही ताकद रोख अनुदानापेक्षा मोलाची आहे.

दोषही सांगायला हवेत. खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी आणि कोणाला उपयोगी नसलेली खडी फोडण्याची कामे हे सारे घडले. पाझर तलावांचे पाणी ज्यांच्या विहिरींना वाढले ते जमीनमालक होते. ते तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाला मजुरीपलीकडे काही मिळाले नाही. १९८८ मध्ये किमान वेतन वाढल्यानंतर कामेच आखडती घेतली गेली. राखीव निधीतला जमलेला पैसा आणि झालेला खर्च यांतही अंतर पडत गेले. निधी राखीव ठेवला म्हणून तो आपोआप खर्च होत नाही, मजुरांची संघटना मागे लागावी लागते.

आता एका गोष्टीकडे आपणा सर्वांचे लक्ष वेधतो. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, म्हणजे वर्षाला २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने ही कमाल मर्यादा घातली आहे. महिन्याला ३० हजार मिळवणारा लिपिक आणि ३० लाख मिळवणारा अधिकारी दोघेही तेवढीच रक्कम भरतात. विषमता कमी करण्यासाठी लावलेला कर आज स्वतःच विषम झाला आहे, आणि याविषयी विधिमंडळात किंवा वृत्तपत्रांत कोणी चकार शब्द काढत नाही याचे मला मनापासून दुःख होते.

नांदुरकी

सर्वांचे आभार. मला आता असे वाटू लागले आहे की, कर कोणता असावा आणि तो कशाशी जोडलेला असावा हे दोन प्रश्न वेगळे करून चालणार नाही. जुनीवही आणि पाझर, आपण दोघांनी जे मांडले ते एकत्र येऊ शकते का? म्हणजे वारशावरील कर केंद्राने घ्यावा आणि राज्यांनी तो रोजगारावर किंवा शाळांवर खर्च करावा, अशी तरतूद घटनेत बसते का? आणि २,५०० ची मर्यादा बदलणे कितपत अवघड आहे?

जुनीवही

बसते, आणि पूर्वी तशीच होती. घटनेच्या मूळ २६९ व्या अनुच्छेदानुसार शेतजमीन वगळता इतर मालमत्तेवरील इस्टेट ड्युटी केंद्राने आकारायची आणि वसूल करायची, पण तिचे उत्पन्न राज्यांना द्यायचे असे ठरलेले होते. म्हणजे १९८५ मध्ये केंद्राने जी रद्द केली, तिचा पैसा राज्यांचा होता. २००० मधील ८० व्या घटनादुरुस्तीनंतर वाटपाची पद्धत बदलली, परंतु इस्टेट ड्युटी आणि वारसा शुल्क आकारण्याचा संसदेचा अधिकार संघसूचीत आजही कायम आहे. शेतजमिनीच्या वारशावरील अधिकार राज्यसूचीत आहे. तो महाराष्ट्राने वापरावा असे मी सुचवणार नाही, कारण बहुतेक शेतकऱ्यांच्या वाट्याला येणारी जमीन आधीच तुकड्यातुकड्यांची आहे.

व्यवसाय कराची मर्यादा घटना अमलात आली तेव्हा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली आणि त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. महागाईचा विचार केला, तर त्या वेळच्या २,५०० रुपयांचे आजचे मोल त्याच्या कितीतरी पट भरेल. पुन्हा दुरुस्ती करायची झाल्यास रकमेऐवजी उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा घालावी आणि खालचे टप्पे आजच्यापेक्षा अधिक मोकळे करावेत, असे माझे मत आहे. यासाठी संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागेल, पण मागणी राज्यांकडून गेली पाहिजे. महाराष्ट्र, कर्नाटक, पश्चिम बंगाल, तमिळनाडू अशी वेगवेगळ्या पक्षांची सरकारे पाहिलेली राज्ये हा कर घेतात, आणि तो वाढल्यास फायदा त्या सर्वांचा आहे.

पाझर

त्या दुरुस्तीसोबत एक अट जोडावी. वाढीव रकमेचा तालुकावार हिशेब, म्हणजे किती जमा झाली, किती मजूर-दिवस काम मिळाले आणि किती मजुरी थकली, हा दर तिमाहीला ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे.